रोटरीचे वर्ष कसे आखावे : तालुक्याच्या गावातील नव्या अध्यक्ष-सचिवांसाठी

रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. तालुक्याच्या गावातील पंचवीस-तीस सभासदांच्या क्लबमध्ये अध्यक्षपद ज्याच्याकडे येते तो बहुधा डॉक्टर, शिक्षक, वकील किंवा खत-बियाण्यांचा दुकानदार असतो. त्याचा स्वतःचा व्याप त्याला असतोच, त्यात हे बारा महिने येतात आणि या बारा महिन्यांत ‘माझ्या काळात झाले’ असे सांगता येईल असे काहीतरी उभे करण्याची ओढ इतकी जबर असते की आधीच्या अध्यक्षाने मार्गी लावलेले चांगले काम पहिल्या महिन्यातच मागे पडते. आमच्या क्लबमध्ये मी आधी खजिनदार, मग सचिव आणि शेवटी अध्यक्ष म्हणून काम केले. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की आखणीला बसताना ‘यंदा काय मोडू द्यायचे नाही’ हा प्रश्न आधी घ्यावा आणि ‘नवे काय करायचे’ हा नंतर.

याचे सर्वांत मोठे उदाहरण रोटरीच्याच इतिहासात आहे. पोलिओ निर्मूलनाची मोहीम संस्थेने 1985 मध्ये जगभर हाती घेतली. भारतातील शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. एवढ्या वर्षांत प्रत्येक क्लबचे अध्यक्ष दरवर्षी बदलत गेले, तरी पल्स पोलिओच्या रविवारी आरोग्य खात्याच्या बूथवर बसून बाळांच्या करंगळीला शाईची खूण करणारे सभासद येत राहिले. लायन्स, इनरव्हील किंवा जायंट्स अशा इतर सेवासंस्थांच्या मंडळींनाही पुढील टिपणातले पुष्कळसे लागू पडेल. फक्त पदांची नावे त्यांनी आपापली घालून घ्यावीत.

जुलैची तयारी एप्रिलमध्ये

क्लबची वार्षिक निवडणूक डिसेंबरअखेरपर्यंत होत असल्यामुळे नियोजित अध्यक्षाला तयारीसाठी सहा महिने मिळतात. त्यातले चार महिने लग्नसराई, परीक्षा आणि ‘बघू’ यांत जातात. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरी विभागाच्या, प्रशिक्षणाला अवश्य जावे, तेथील तक्ते व उद्दिष्टांचे अर्ज भरावेत. परंतु खरी तयारी सभासदांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा ओट्यावर बसून होते. एप्रिलमध्ये प्रत्येक सभासदाला अर्धा तास समक्ष भेटावे आणि तो वर्षात किती रविवार देऊ शकेल हे विचारावे. कोणाकडे टेम्पो आहे, कोणाचे दुकान कोणत्या वारी बंद असते, कोणाची मुलगी नर्सिंग शिकते, कोणाला रक्त पाहून चक्कर येते, हे वहीत लिहून ठेवावे. ‘समिती प्रमुख’ म्हणून छापलेल्या नावांपेक्षा ही वही वर्षभर जास्त उपयोगी पडते. आमच्याकडे एक गृहस्थ अनेक वर्षे निष्क्रिय सभासद म्हणून ओळखले जात होते. त्यांना सभेत बोलायला संकोच वाटत असे, पण सतरंज्या, मांडव आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था त्यांच्यासारखी कोणालाच जमत नाही, हे अशाच एका भेटीत कळले.

चालू कामांपैकी तीन कामे निवडून ती त्याच महिन्यात, त्याच जागी पुढे चालवावीत आणि नवे काम एकच घ्यावे. नव्या कामाचा पुढच्या तीन वर्षांचा खर्च कोण करणार याचे उत्तर मिळत नसेल, तर ते काम त्या वर्षी घेऊ नये.

पैशाची व्यवस्था

क्लबच्या वर्गणीचे खाते आणि सेवाकार्याच्या ट्रस्टचे खाते वेगवेगळे असावे, एवढेच नव्हे तर त्यांची पावतीपुस्तकेही दुरूनच ओळखू येतील अशा वेगळ्या रंगाची असावीत. जेवणाचा खर्च सेवेच्या खात्यातून झाला अशी नुसती कुजबुज उठली तरी गावातील देणगीदार दोन वर्षे दारात उभे करत नाहीत.

आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यायचा हिस्सा 1 जुलै आणि 1 जानेवारी या दिवशी क्लबच्या यादीत जितके सभासद असतील त्यांवर आकारला जातो. म्हणून जे सोडून जाणार आहेत त्यांच्याशी जूनमध्येच मोकळेपणाने बोलून यादी अद्ययावत करावी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलेला राजीनामा क्लबला सहा महिन्यांच्या पैशांना पडतो. अध्यक्ष व सचिव हे पदसिद्ध विश्वस्त असतील, तर दर जुलैत विश्वस्त बदलतात आणि त्या बदलाचा अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावा लागतो. हे एक वर्ष राहिले की दुसऱ्या वर्षी राहतेच, आणि मग एखादी कंपनी सामाजिक दायित्व निधीतून मदत द्यायला तयार होते तेव्हा कागदोपत्री विश्वस्त भलतेच निघतात. देणगीदाराला प्राप्तिकराची सवलत हवी असेल, तर दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने घेऊ नये. धनादेशाने अथवा ऑनलाइन घ्यावी.

पदग्रहण समारंभाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो दीड तासात संपवावा. हार-तुरे, परिचय आणि परिचयाचा परिचय यांत पाहुण्यांची भूक मरते. त्या दिवशी व्यासपीठावरून नव्या योजनांची घोषणा मुळीच करू नये, कारण टाळ्यांच्या भरात दिलेला शब्द वर्षभर आपल्या मागे फिरतो.

वारीतील सेवा

आमच्या गावावरून पालखी जाते, त्यामुळे वर्षाची खरी सुरुवात तिच्यापासून होते. अडचण अशी की पंचांग रोटरीच्या वर्षाला जुमानत नाही. 2025 मध्ये आषाढी एकादशी 6 जुलैला आली, त्यामुळे पालखी जूनअखेरीस, म्हणजे मावळत्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत, गावात आली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे एकादशी 25 जुलैला, म्हणजे नव्या अध्यक्षांच्या वाट्याला. सेवा कोणाच्या वर्षात मोजायची यावरून आमच्याकडे एकदा अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती. त्यावर निघालेला तोडगा असा की सेवाकेंद्राच्या फलकावर क्लबचे नाव असते. वर्ष, अध्यक्षांचे नाव आणि छायाचित्र नसते. कापडी फलक एकदाच शिवून घेतला आहे, दरवर्षी धुऊन तोच लावतो.

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने टेम्पोभर केळी वाटली. त्याच रस्त्यावर आणखी चार मंडळे केळीच वाटत होती आणि संध्याकाळी सालींवरून घसरून एक वृद्ध बाई पडल्या. तेव्हापासून खाण्याचे पदार्थ वाटणे आम्ही बंद केले आणि पायांकडे वळलो. ज्यांना असे केंद्र चालवायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पाय धुण्यासाठी पसरट तोंडाची प्लॅस्टिकची घमेली भरपूर आणावीत आणि प्रत्येक व्यक्तीनंतर पाणी बदलावे. पाणी कोमट ठेवावे आणि ते आपल्या कोपराने तपासावे. मधुमेह जुना असेल तर तळपायाची जाणीव कमी झालेली असते आणि पाणी चटका देण्याइतके गरम आहे हे त्या व्यक्तीला कळतच नाही. म्हणून पाय हाती घेण्यापूर्वी ‘माउली, शुगर आहे का?’ एवढे विचारण्याची सवय प्रत्येक सेवेकऱ्याला लावावी. न फुटलेला फोड टाचणीने फोडू नये. फुटलेला फोड स्वच्छ करून त्यावर गॉज लावावे, आणि मधुमेह असून पायाला जखम असेल तर त्या व्यक्तीला थेट डॉक्टरांच्या टेबलाकडे न्यावे. तेल लावून पोटऱ्या चोळणे हे वारकऱ्यांना फार सुखावते. पण एकाच पायाची पोटरी सुजलेली, लाल आणि दुखरी असेल तर तिला मालीश करू नये, कारण आत रक्ताची गाठ असण्याचा संभव असतो. क्षारसंजीवनीची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात घालावी. चव यावी म्हणून पाणी कमी करणारे उत्साही सेवेकरी दरवर्षी निघतात. स्त्रियांसाठी आडोसा आणि स्त्री सेवेकरी असाव्यात. इनरव्हीलच्या भगिनी आमच्याकडे ही बाजू पूर्णपणे सांभाळतात. वयाने मोठ्या बायका पाय पुढे करायला तयार नसतात, ‘पाय नको धरू, माउली’ म्हणतात आणि उलट सेवेकऱ्याच्याच पायाला हात लावतात. अशा वेळी आग्रह न करता त्यांच्या शेजारी बसून तेलाची वाटी त्यांच्याच हातात द्यावी.

या केंद्रातील सर्वांत उपयोगी माणूस मात्र डॉक्टर नाही, हे सांगायला हवे. तिसऱ्या वर्षी एका सभासदाच्या सूचनेवरून बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या दोन चर्मकार कारागिरांना दिवसाची पूर्ण मजुरी देऊन आम्ही केंद्रावर बसवले. अंगठा तुटलेल्या, तळ सुटलेल्या, दोरीने बांधलेल्या चपला घेऊन सकाळपासून जी रांग लागली ती दिंड्या पुढे सरकेपर्यंत हटली नाही. चप्पल दुरुस्त झाल्यावर वारकरी ती पायात घालून चार पावले चालून पाहतो, एकदा टाच आपटतो आणि मगच हात जोडतो. त्या टाचेच्या आवाजाची आम्ही आता वर्षभर वाट पाहतो. कारागिरांची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये आणि ‘सेवा म्हणून फुकट करा’ असे तर सुचवूही नये. सेवा आपली आहे, त्यांचा तो व्यवसायाचा दिवस आहे.

दिंड्या गेल्यावर दोन तासांच्या आत रस्ता झाडून काढण्यासाठी निराळी तुकडी ठेवावी, आणि तिच्यात अध्यक्षांनी स्वतः असावे.

झाडे लावणे आणि झाडे जगवणे

जुलैत झाड लावताना काढलेले छायाचित्र आणि पुढच्या मे महिन्यातली तीच जागा, ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवण्याचे धैर्य क्लबने दाखवावे. आम्ही एका शाळेच्या कुंपणालगत लावलेल्या पहिल्या चाळीस रोपांपैकी उन्हाळ्याअखेर सहा उरली होती. शाळेला सुट्टी लागली, शिपाई गावी गेले आणि पाणी घालण्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

खड्डे मे महिन्यात घ्यावेत. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी दोन फूट ठेवावी आणि खड्डा उन्हात तापू द्यावा; मुरमाड जागा असेल तर बाहेरून माती आणावी. पावसापूर्वी माती व शेणखत मिसळून तो भरून ठेवावा. पहिल्या पावसाला भुलून लगेच लागवड करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की करावी. रोप शक्यतो पुरुषभर उंचीचे घ्यावे, कारण ते शेळीच्या तोंडाच्या वर राहते. प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढावी. हे सांगण्याची गरज भासू नये, पण मेलेली रोपे उपटताना पिशवीसकट पुरलेली कितीतरी निघतात. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, बहावा ही आपल्या हवेत टिकणारी झाडे. गुलमोहर देखणा असला तरी मूळचा मादागास्करचा आणि फांद्यांनी ठिसूळ; रस्त्याकडेला तो नको.

आता आम्ही वर्षाला तीसच झाडे लावतो आणि प्रत्येक झाड एका सभासदाच्या कुटुंबाकडे सोपवतो. नोव्हेंबर ते जून दर रविवारी सकाळी सात वाजता टँकर येतो, तिघांची पाळी असते आणि प्रत्येक झाडाला एक बादली पाणी मिळते. पहिले दोन उन्हाळे निभावले की झाड स्वतःच्या पायावर उभे राहते. म्हणजे एका अध्यक्षाने लावलेल्या झाडाला त्याच्यानंतरच्या अध्यक्षाने पाणी घालणे हा योजनेचाच भाग आहे. पाळी संपल्यावर तिघेही चौकात मिसळ खातात. हिशेब, कुरबुरी आणि मुलांची शिक्षणे यांवर जेवढे बोलणे त्या टेबलावर होते तेवढे सभेत होत नाही.

रक्तदान शिबिराची तारीख

स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची गर्दी होते, आणि गर्दीत जमलेले रक्त साठवून ठेवता येईलच असे नाही. तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस. खरी चणचण एप्रिल-मेमध्ये भासते, कारण महाविद्यालये बंद असतात आणि नियमित रक्तदाते गावी गेलेले असतात. म्हणून शिबिर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी आठ ते बारा, पंखे व पिण्याचे पाणी असलेल्या सभागृहात घ्यावे आणि किती पिशव्या हव्यात हे रक्तकेंद्राशी आधी बोलून ठरवावे. आकडा वाढवण्याची चढाओढ त्यामुळे आपोआप थांबते.

दाता 18 ते 65 वयाचा, किमान 45 किलो वजनाचा असावा आणि त्याचे हिमोग्लोबिन किमान 12.5 असावे. पुरुषांनी पुन्हा रक्त देण्यापूर्वी 90 दिवस आणि स्त्रियांनी 120 दिवस थांबावे. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहिली की मन अस्वस्थ होते. त्यांना सर्वांसमोर ‘तुमचे चालणार नाही’ असे सांगू नये; बाजूला बसवून चिठ्ठी द्यावी आणि ग्रामीण रुग्णालयात तपासणीला कधी जायचे ते नीट समजावून सांगावे. आमचा रक्तक्षय तपासणीचा उपक्रम या चिठ्ठ्यांमधूनच सुरू झाला.

मोतीबिंदू शिबिराबाबत दोनच गोष्टी सांगतो. गावात फक्त तपासणी करावी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच व्हावी. शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले आहेत आणि ते गेले हे बरेच झाले. दुसरी गोष्ट, अहवालात किती जणांचे डोळे तपासले हा आकडा लिहितोच, त्याच्या शेजारी शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासणीला किती जण आले हाही आकडा लिहावा. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा रुग्णालयात नेण्यासाठी घरचे कोणी मोकळे नसते, तेव्हा क्लबची गाडी लागते.

फेलोशिप

आपल्याकडे ‘आज फेलोशिप कुठे आहे?’ या प्रश्नाचा अर्थ ‘जेवण कुठे आहे?’ असा होतो, आणि काही ठिकाणी त्याचा अर्थ त्याहूनही मर्यादित असतो. मद्याचा खर्च क्लबच्या कोणत्याही खात्यातून होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे जेवणाचा खर्चही त्या दिवशी आलेल्या माणसांवर विभागला जातो. मात्र जेवणालाच नाक मुरडणारे सेवाव्रतीही चुकतात. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन स्नेह्यांना जमवले ते सेवेसाठी जमवले नव्हते. लहान गावात वाढलेल्या या माणसाला मोठ्या शहरात ओळखीची माणसे हवी होती. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव रोटरी. सेवा दोन वर्षांनी आली, आणि ती कोणती, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठीचा प्रयत्न. आमच्या बसस्थानकावरील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती करण्याचा ठराव ‘हे काही रोटरीला शोभणारे काम नव्हे’ म्हणून अडला, तेव्हा मी सभेत हा इतिहास सांगितला होता. ठराव त्याच सभेत मंजूर झाला.

स्नेह वाढवायचा तर कुटुंबांना सोबत घ्यावे. कोजागरीला एखाद्या सभासदाच्या गच्चीवर दूध आणि जानेवारीत कोणाच्या तरी शेतावर हुरडा, हे दोन कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरलेले असावेत. सभासदांच्या पत्नींना ‘ॲन्स’ आणि मुलांना ‘ॲनेट्स’ म्हणण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी टिकून आहे. स्त्रियांना रोटरीचे सभासदत्व 1989 पासून जगभर खुले झाले, तेव्हा त्यांना पाहुण्या म्हणून बोलावण्याऐवजी सभासद होण्याविषयी विचारणे अधिक योग्य ठरेल. नवा सभासद आला की पहिले तीन महिने त्याला एका जुन्या सभासदाच्या सोबतीला द्यावे आणि पहिल्याच महिन्यात वारी, झाडे अथवा शिबिर यांपैकी कोठेतरी हाताने काम करायला लावावे. आजारी सभासदाला भेटायला दोघांनी जावे, दहाजणांनी नव्हे.

सभा पूर्वी दर आठवड्याला घ्यावीच लागे; 2016 पासून महिन्यातून किमान दोन सभांवर भागवता येते. लहान क्लबांनी ही मुभा निःसंकोच घ्यावी, गणपती आणि दिवाळीच्या आसपास महत्त्वाचे काहीही ठेवू नये, आणि वाचलेले सभेचे दिवस विश्रांतीसाठी सोडावेत.

जूनमधील हस्तांतर

30 जूनची वाट न पाहता जूनच्या दुसऱ्या रविवारी मावळते आणि नियोजित अध्यक्ष, दोघांचे सचिव व खजिनदार अशा सहाजणांनी एकत्र बसावे. टेबलावर काय काय असावे, तेही सांगतो : दोन्ही खात्यांची पासबुके आणि सह्या बदलण्याचे बँकेचे अर्ज, विश्वस्त बदलाच्या अर्जाची मागील पोच, न वापरलेली पावतीपुस्तके क्रमांकांसह, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी, ज्यांना आपण शब्द दिला आहे पण तो पाळला गेलेला नाही अशा माणसांची व शाळांची निराळी यादी, झाडांचा नकाशा त्यावर कुटुंबांची नावे लिहून, रविवारच्या टँकरवाल्याचा आणि दोन्ही चर्मकार कारागिरांचा दूरध्वनी क्रमांक, आणि एप्रिलमध्ये भरलेली ती वही. अध्यक्षांच्या गळ्यातील कॉलर, म्हणजे पदाची खूण, समारंभात द्यायची असते, ती तेवढी घरी ठेवावी. वारीचा कापडी फलक मात्र त्याच दिवशी धुऊन, घडी करून नव्या सचिवाच्या हातात द्यावा.